चाळीस दिवसांचा कागद

शिक्का मारण्याआधी ते त्याला तोंडाची वाफ देत. गरज नव्हती. शिक्का नव्या पद्धतीचा होता, शाई त्याच्या पोटातच असे. पण नागपूर जिल्ह्यातल्या तहसील कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाचा शाईवर विश्वास नसतो. निवृत्त झाल्यावर मुलीकडे अमेरिकेत बॉथेलला येताना त्यांनी ती सवय बरोबर आणली. समोर उभं असलेलं अमेरिकन गिऱ्हाईक थोडं मागं सरके. त्यांच्या ते लक्षात येत नसे, किंवा येत असूनही ते बदलत नसत.

सगळे त्यांना काका म्हणत. नाव शिक्क्यावर कोरलेलं होतं, पण ते कोणी वाचत नसे.

बॉथेलमध्ये दुकानांच्या एका छोट्या रांगेत, तेरियाकीचं जपानी हॉटेल आणि ड्रायक्लीनर यांच्या मधे, पार्सलं पाठवायचं एक दुकान होतं. मालकीण कोरियन होती. काका तिथं आठवड्यातले चार दिवस काम करत. खोकी चिकटवत, वजन करत, पत्ते तपासत. गिऱ्हाइकं नोटरी विचारत येतात म्हणून मालकिणीनं त्यांना नोटरी व्हायला लावलं; इथं त्यासाठी वकील असावं लागत नाही. नेमणुकीची शपथ घेताना देवाचं नाव घ्यायचं की नुसती प्रतिज्ञा करायची, असा पर्याय होता. काकांनी प्रतिज्ञा निवडली, आणि पुढं ते प्रत्येकाला विचारत, "ईश्वरसाक्ष, की सत्यप्रतिज्ञेवर?" बहुतेकांना प्रश्नच कळत नसे. कळला की लोक जरा गोंधळत. एकानं विचारलं होतं, स्वस्त काय पडेल. काका म्हणाले, "पहिल्यात देव जबाबदार, दुसऱ्यात तुम्ही. फी सारखीच."

ते चौदा एप्रिलला रजा घेत. दुसऱ्या कोणत्याही सणाला घेत नसत.

दुपारी एकच्या ठोक्याला ते मागच्या खोलीत उलट्या खोक्यावर बसून, भिंतीकडे तोंड करून डबा खात. कचेरीत जेवताना लोक अर्ज घेऊन समोर उभे राहत, त्यामुळं ही दिशा ठरली असावी. त्या वीस मिनिटांत मालकिणीनंही त्यांना हाक मारायची नाही, असं ठरलेलं होतं. ते ठरवायला दोघांना एक वर्ष लागलं.

मी तिथं मायदेशी पुस्तकं आणि कागदपत्रं पाठवायला जात असे. नागपूरच्या एका दैनिकात मी पूर्वी डेस्कवर होते, हे त्यांना कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की आमच्या कचेरीची बातमी तुम्ही कधी छापली होती का. मी म्हटलं, एकदा छापली होती, चांगली नव्हती. ते म्हणाले, "चांगली असती तर चुकीची असती."

त्यांचा खरा विषय मृत माणसांचे कागद हा होता. कचेरीत ते वारसनोंदी पाहत. माणूस गेला की त्याच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं चढवायची, याची चौकशी, नोटिसा, पंच, हरकती. त्यावर ते एकच वाक्य बोलत, "तिकडं मेलेला सुटतो, आणि जिवंत माणसाच्या चपला झिजतात." वॉशिंग्टन राज्याचा कायदा त्यांनी सार्वजनिक वाचनालयात बसून वाचला, तेव्हा काही दिवस त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. घर-जमीन सोडून मृताची बाकी मालमत्ता ठरावीक रकमेच्या आत असेल, तर वारसाला कोर्टात जावं लागत नाही. मृत्यूनंतर चाळीस दिवस उलटले की वारसानं प्रतिज्ञापत्र लिहायचं, नोटरीसमोर सही करायची, एक प्रत सरकारी खात्याला टपालानं पाठवायची आणि मूळ कागद बँकेत न्यायचा. बँक पैसे देते. दोन पानं.

"पण तपासतं कोण?" ते मला विचारत. उत्तर त्यांना माहीत होतं. कोणी नाही. तलाठी नाही, पंच नाही, दारावर डकवलेली नोटीस नाही. माणूस म्हणतो मी वारस आहे, आणि सरकार म्हणतं बरं. काकांना हे एकाच वेळी फार आवडे आणि फार धोक्याचं वाटे. कोणीही तपासत नाही म्हणून ते स्वतः तपासत. नोटरीचं ते काम नव्हतं. नोटरीनं फक्त सही करणारा तोच आहे ना, एवढं पाहायचं असतं. सल्ला देणं तर बेकायदा. त्याचा त्यांनी मार्ग काढला होता. ते म्हणत, "मी वकील नाही. मी फक्त वाचून दाखवतो."

वाचून दाखवणं म्हणजे असं. ते प्रत्येक कलम इंग्रजीत मोठ्यानं वाचत, मग मराठीत सांगत, मग पेन सही करणाऱ्याच्या हातात न देता विचारत, "आता तुम्ही सांगा, काय लिहिलंय?" माणसाला ते स्वतःच्या शब्दांत म्हणावं लागे. म्हणता आलं नाही, तर सही नाही. गावात पंचनामा वाचून दाखवल्यावर अंगठा घेण्याआधी ते हेच करत आले होते. मागं रांग लागे. मालकीण सुस्कारे टाके. इंजिनिअर मंडळी घड्याळ बघत म्हणत, काका, आय हॅव अ मीटिंग यार. काका म्हणत, जाऊन या.

शिक्का टेबलावर आला की ते सगळ्यांना अहो म्हणत. एरवी ज्याला पोरा म्हणत, त्यालाही. एकदा त्यांचा नातू शाळेच्या कुठल्याशा कागदावर शिक्का मागायला आला, तेव्हा त्याच्याशीही ते तसेच बोलले. नातू म्हणाला, "आजोबा, स्टॉप इट. इट्स मी." घरच्या माणसाच्या कागदावर शिक्का मारायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांनी त्याला अहो-जाहो करत दुसऱ्या नोटरीचा पत्ता दिला.

पुण्याचा एक मॅनेजर आईच्या खात्याचा कागद घेऊन आला होता. आई त्याच्याकडेच राहायची, ग्रीन कार्डवर होती. कागदात लिहिलं होतं, दुसरा वारस नाही. काकांनी कलम वाचलं. त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगितलं, मी एकटाच.

"भावंडं?"

"बहीण आहे कोथरूडला. पण तिचं लग्न झालंय."

"लग्न झालं म्हणजे वारली का?"

मॅनेजर चिडला. म्हणाला, वडील गेल्यावर तिनं हक्कसोड करून दिलंय, आमच्यात तसंच असतं, तिची काही तक्रार नाही. काकांनी पेनाला टोपण लावलं. ते हक्कसोड घराचं होतं, आणि हे आईचं खातं आहे, एवढंच ते म्हणाले. तो माणूस तणतणत गेला. तीन आठवड्यांनी, दुसऱ्या वारसाला कायद्यानं द्यावी लागणारी नोटीस बहिणीला टपालानं पाठवल्याची पावती घेऊन परत आला. काकांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

असा माणूस चुकत नाही, असं आपण धरून चालतो.

दोन हजार चार साली आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर एक जोडपं राहत होतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, ती डिपेंडंट व्हिसावर. तिला नोकरीची परवानगी नव्हती, सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, म्हणून बँकेनं खातं फक्त नवऱ्याच्या नावानं उघडलेलं. तेव्हा बहुतेक घरांत असंच होतं, आणि कोणी त्याचा विचार करत नसे. तो एकतीस वर्षांचा असताना ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोसळला आणि गेला. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

अंत्यविधी इथंच झाला. तेरावा सासरच्यांनी पुण्यात केला. ती फोनवर होती.

थोरले दीर न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला होते. ते दोन वेळा विमानानं आले. माणूस वाईट नव्हता. भाड्याच्या घराची नोटीस द्यायची, गाडी विकायची, सामान वाटायचं, हे सगळं त्यांनी केलं. तिनं लगेच त्यांच्याबरोबर पुण्याला यावं, बँकेचं आपण मागाहून बघू, असं त्यांचं आणि सासऱ्यांचं म्हणणं होतं. तिनं नाही म्हटलं. मी तिला काकांकडे नेलं होतं, आणि त्यांनी तिला कायदा वाचून दाखवला होता. या राज्यात लग्नानंतर कमावलेलं दोघांचं असतं, एक गेला की दुसऱ्याचं, आणि चाळीस दिवसांनंतर ती स्वतः सही करून ते मागू शकत होती. नवऱ्याबरोबर तिचा व्हिसाही संपला होता, म्हणून त्याच्या कंपनीच्या वकिलानं तिला व्हिजिटर म्हणून थांबता यावं असा अर्ज लावून दिला. ती रिकाम्या घरात जमिनीवर गादी घालून राहिली.

सासरच्यांना हा हावरेपणा वाटला. मला ती एकदाच त्याबद्दल बोलली. म्हणाली, "ताई, आत्ता तशीच गेले, तर पुण्यात उतरल्यावर रिक्षाचे पैसेसुद्धा मागावे लागतील. आणि मग प्रत्येक वेळेला."

तारीख काकांनी सांगितली. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत सांगितली, मी तिथंच होते. सकाळी सही, मग बँक, आणि संध्याकाळी विमान, असं ठरलं. दिरांनी दोन तिकिटं काढली. ते तिला पोचवायला पुण्यापर्यंत जाणार होते. रजा मोजून मिळाली होती.

त्या सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. बॅगा गाडीत होत्या. काकांनी शिक्का टेबलावर ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं कलम, दुसरं कलम. ती स्वतःच्या शब्दांत सांगत होती. दिवसांचं कलम आलं, तेव्हा ते थांबले. त्यांनी मागं वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, उठून जवळ गेले आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत मोजायला लागले. मग दुसऱ्यांदा मोजलं. पाठमोरे असल्यानं चेहरा दिसत नव्हता.

परत येऊन बसले आणि म्हणाले, "आज चाळिसावा आहे. चाळीस उलटायला हवेत. एक दिवस कमी आहे."

आम्हाला समजलं नाही. त्यांनी सांगितलं. दहावा, तेरावा आपण मोजतो, तेव्हा माणूस गेला तो दिवस पहिला धरतो. त्यांनी सवयीनं तसंच मोजलं होतं. कायदा तो दिवस धरत नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजतो.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "यांची नाही, तुमची नाही."

 दीर म्हणाले, की एका दिवसानं कोणाचं काय बिघडणार आहे, बँकेतला माणूस बोटं मोजत बसणार आहे का. कोण तपासणार आहे?

"कोणी नाही," काका म्हणाले. "म्हणूनच."

"काका, संध्याकाळी फ्लाइट आहे आमची."

"खोटं यांच्या तोंडून जाईल. शिक्का माझा, पण शपथ यांची आहे."

ती म्हणाली, की मी सांगते, मला चालेल. काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. ते त्या दिवशी म्हातारे दिसले. एरवी ते वयाचे दिसत नसत.

तेव्हा दिरांनी बॅगेतून दुसरा कागद काढला. तो आधीपासून तयार होता. इंटरनेटवरून उतरवलेलं मुखत्यारपत्र. त्यांच्या दृष्टीनं हा सरळ उपाय होता, आणि ते तसंच बोलले. धाकट्या भावाची बायको, म्हणून ते तिला नावानंच हाक मारत. हे बघ, म्हणाले, यावर सही कर, आपण आज निघू, बाकीचं मी आल्यावर करीन. तारखेचा प्रश्नच नाही. नोटरी समोरच आहे.

कायद्यानं काकांना हरकत घेता येत नव्हती. ती शुद्धीत होती, तिच्याकडे पासपोर्ट होता, सही करायला तयार असेल, तर शिक्का मारणं त्यांचं काम होतं. आणि त्यांच्याच चुकीमुळं ती या कागदापर्यंत आली होती. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. कागद लांब होता. माझ्या नावे असलेलं आणि पुढं होणारं सर्व काही. माझ्या वतीनं घेणं, देणं, विकणं, ठेवणं. दिरांनी मधे एकदा सांगितलं की हे सगळं स्टँडर्ड आहे, वाचायची गरज नाही. काका वाचत राहिले. तेरियाकीच्या हॉटेलातून भात शिजल्याचा वास येत होता. एक गिऱ्हाईक खोकं घेऊन आलं, थोडा वेळ उभं राहिलं आणि खोकं जमिनीवर ठेवून निघून गेलं.

वाचून झाल्यावर काकांनी पेन स्वतःजवळच ठेवलं.

"आता तुम्ही सांगा," ते म्हणाले. "काय लिहिलंय?"

तिनं कागदाकडे पाहिलं. "याच्यात असं लिहिलंय," ती म्हणाली, "की माझ्या जागी भावजी."

"पुढं?"

"पुढं असं, की मी मागायचं ते भावजी मागतील. आणि मला पाहिजे असेल तर..." ती थांबली.  काकांनी शब्द पुरवला नाही. मॅनेजर असो की नातू, ते कोणालाच शब्द पुरवत नसत.

"मला हे म्हणायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणता येत नाही, की म्हणायचं नाही?"

"म्हणायचं नाही."

काकांनी कागदाची घडी घालून दिरांना परत दिली. दोन्ही हातांनी दिली. दीर म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" ती म्हणाली, "आहे, भावजी. तिकीट उद्याचं करा." आवाज चढला नव्हता. दीर बाहेर जाऊन गाडीपाशी फोनवर बोलत उभे राहिले, आधी विमान कंपनीशी, मग बहुधा पुण्याशी. पुण्याचा फोन जास्त वेळ चालला. तिकीट बदलायचा खर्च काकांनी देऊ केला. तिनं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. दीर गाडीतच बसले. काकांनी पहिल्यापासून वाचलं, तिनं पहिल्यापासून सांगितलं. सत्यप्रतिज्ञेवर. शिक्का उमटला. सरकारी खात्याची प्रत काकांनी रजिस्टर टपालानं पाठवली आणि पावती तिच्या हातात दिली. 

बँकेत मी तिच्याबरोबर होते. अधिकारी तरुण होता. त्यानं सवयीनं कागद दिरांपुढं सरकवून प्रश्न विचारले. दिरांनी खुर्ची मागं घेतली. "आस्क हर," ते म्हणाले. "इट्स हर पेपर." त्यांनी ते रागानं म्हटलं की कंटाळून, ते मला सांगता येणार नाही. अधिकाऱ्यानं शिक्का पाहिला, सही पाहिली, वरच्या ऑफिसला एक फोन केला. दोन तासांत चेक तिच्या नावानं तयार झाला. त्या संध्याकाळी ते दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी मी काकांना हे सांगायला गेले. एक वाजून गेला होता, डबा झाला होता. ते खोक्याला पट्टी लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बँकेनं दिवस मोजले का?"

मी म्हटलं, नाही. तारखेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे आदल्या दिवशीही चाललं असतं."

"चाललं असतं."

ते पट्टी लावत राहिले. खोकं आधीच नीट बंद झालं होतं. थोड्या वेळानं विचारलं, "तिच्या लक्षात आलं का हे?"

आलं होतं. विमानतळावर आत जाण्याआधी तीच त्याबद्दल बोलली होती. काकांना वाईट वाटेल, म्हणाली होती, बँकेनं मोजले नाहीत म्हणून. मी विचारलं, त्यांना काय सांगू. ती म्हणाली होती, "सांगा, मी मोजले होते. आज सकाळी, सही करण्याआधी. एकेक करून."

मी त्यांना ते तसंच सांगितलं.